ज्या रविवारी माझ्यात पाणी ओतले नाही

१९६८ साली एका रविवारी मी जेवढी घाबरले, तेवढी छिन्नीच्या पहिल्या घावालाही घाबरले नव्हते. मित्रांनो, मी चर्चच्या दाराशी असलेली बाप्तिस्म्याची जुनी दगडी कुंडी आहे. पाथरवटाने मला अखंड दगडातून कोरले, तेव्हापासून इथल्या प्रत्येक लेकराचा बाप्तिस्मा माझ्याच पाण्याने झाला. कुणी भोकाड पसरले, कुणी पाळकसाहेबांची दाढी ओढली. मोठी झाल्यावर तीच लेकरे मला कुरवाळून जात.

माझ्या बुडाशी एक भोक आहे. बाप्तिस्म्याचे पाणी गटारात न जाता मातीत मुरावे, म्हणून जुन्या लोकांनी ते ठेवले. त्या मातीलगतच विहीर आहे. माझे पाणी तिचेच, आणि अख्खी गल्लीही तिच्यावरच पाणी भरते.

त्या वर्षी बाकांना वाळवी लागली. चर्चच्या राखणदाराने औषध मारले. डब्यात थोडे उरले. गटारात ओतावे, तर तिथे पोरे कागदी होड्या सोडत. भला माणूस तो! विचार करकरून त्याने ते माझ्या भोकात ओतले. देवाच्या जागी गेलेले कुणाला बाधणार, असे त्याला वाटले.

माझा घसा जळला. पण दगडाला कुठली जीभ? मग दोन जोरदार सरी पडून गेल्या आणि विष विहिरीच्या दिशेने झिरपू लागले. रविवारी एका बाळाचा बाप्तिस्मा होता. मी त्या दिवसाची धास्ती घेऊन बसले.

रविवार उजाडला. बाळ आजीच्या हातात झोपले होते. राखणदारीण भरलेली घागर घेऊन आली, पण ती तिने माझ्यापासून लांबच ठेवली. विहिरीत बेडूक उताणे तरंगताहेत, असे तिने नवऱ्याच्या कानात सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि सगळ्यांदेखत पाळकसाहेबांना खरे ते सांगून टाकले.

आजी फणकारली, "प्रार्थना केली की पाणी शुद्ध होतं. पाहुणे खोळंबलेत. बेडकांपायी माझा नातू ताटकळत ठेवणार का?"

पाळकसाहेबांनी घागरीला हात लावला. ते आता ती माझ्यात ओतणार, या भीतीने मी आतून गोठले.

त्यांनी घागर दाराबाहेर नेऊन ठेवली. "आजी, ही विहीर देवाने आपल्याला राखायला दिली. आपण तिच्यात विष घालायचं आणि त्यालाच म्हणायचं, आता तूच निस्तर?"

आजीने बाळाला खांद्यावर टाकले. "मग उभे काय राहिलात? गल्लीत सांगा आधी!" आणि तीच सगळ्यांपुढे दारोदार गेली.

माती उकरली, विहीर उपसली, पाणी पुन्हापुन्हा तपासले. तोवर बाळ चालू लागले होते. बाप्तिस्म्याला ते स्वतःच्या पायांनी माझ्यापाशी आले.

पाळकसाहेब पुढे दुसऱ्या गावी गेले आणि तिथेच देवाघरी गेले. आजी शेवटपर्यंत आधी विहिरीत डोकावे, मगच प्रार्थनेला बसे. विहिरीत पहिला बेडूक पुन्हा ओरडला, त्या दिवशी राखणदार काठावर बसून रडला. आता तो नाही. राखणदारीण थकली आहे, पण घागरीतला पहिला घोट अजून स्वतः घेते. ते बाळ आता आजोबा झाले आहे.

मी मात्र अजून घाबरते. मित्रांनो, उरलेले काही ओतायला वाकाल, तेव्हा जरा थांबा. ते पाणी कुणाच्या लेकराच्या कपाळाला लागणार आहे, एवढे मनाला विचारा.