गोठ्यात राहणाऱ्या बाईची घरपट्टी

कडूबाईवर घरपट्टी बसली. तिनं अपील केलं, भांडली, जिंकली आणि कर लावून घेतला. कर कमी करा म्हणून अपील करणारे तालुक्यात पैशाला पासरी होते. कर लावा म्हणून कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी ही पहिलीच.

आता हे झालंच नाही असं समजा. ग्रामपंचायतीनं वर्षभर तसंच समजलं होतं, तुम्हाला थोडा वेळ समजायला काही जड जाऊ नये.

तर कडूबाईवर घरपट्टी नव्हती, कारण तिला घर नव्हतं. ती गोठ्यात राहत होती. म्हणजे राहत होती घरातच, पण पंचायतीच्या यादीत तो गोठा होता, आणि आमच्या गावात डोळ्यांपेक्षा यादीला जास्त दिसतं.

त्याचं असं झालं. बोरीच्या बाजाराला पायी जाणारं आमचं गाव. तिथला बन्सीधर आणि त्याची बायको कडूबाई यांची शहाऐंशी साली परभणीच्या कोर्टात फारकत झाली. तडजोडीत ठरलं की चार खणांच्या घरातले मावळतीकडचे दोन खण कडूबाईचे, ती तिथं राहील तोवर. राहणं सोडलं की खण परत बन्सीधरचे. बन्सीधरनं सही केली, गावात येऊन मध्ये मातीची भिंत घातली, आणि भिंत वाळायच्या आत ग्रामसेवक माणिकरावांकडं जाऊन ते दोन खण गोठा म्हणून लिहून आणले. गोठ्यात कुणी राहत नसतं. कुणी राहत नाही म्हटल्यावर खण कुणाचे, हे सांगायला परत कोर्ट कशाला पाहिजे?

कडूबाईला हे कळलं तशी ती पंचायतीत गेली.

"भाऊसाहेब, माझं घर यादीत न्हाई म्हनं."

"आहे की," माणिकराव म्हणाले. "हे बघा. गोठा, दोन खण, कर माफ. सुटलात की बाई! लोक यासाठी माझे पाय धरतात."

"गोठ्यात जनावर कोन्तं हाय?"

माणिकरावांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं आणि यादी मिटून ठेवली. सभ्य गृहस्थ होते.

"मंग मला दावं लावा," कडूबाई म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ कडबा टाका. न्हाई तर कर लावा. दोन्हीतलं एक करा, मी इथून उठत न्हाई."

ती उठली नाही. संध्याकाळी माणिकरावांनी तिला आत ठेवूनच कुलूप लावायचं की नाही यावर बराच विचार केला आणि शेवटी तालुक्याला अपील करायचा रस्ता सांगून टाकला.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. गोठ्याला कर माफ आहे हे गावाला फार पूर्वीच कळलेलं होतं. त्यामुळं यादीप्रमाणं गावात घरं थोडी आणि गोठे उदंड होते. लिंबाजीचं माजघर गोठा होतं. सोसायटीच्या चेअरमनचं देवघर गोठा होतं. देवाला काही सांगितलेलं नव्हतं. खुद्द सरपंच दिनकररावांची बैठक, जिच्यात लोड, तक्के आणि विजेचा पंखा होता, तीही गोठाच होती. आता कडूबाईच्या अपिलावर तालुक्याचा साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर गाव सरपंचांकडं धावलं.

दिनकरराव स्वतः तिच्या दारात आले.

"कडूबाई, कर माफ हाय तर गप खा की. कशाला खाजवून खरूज काढायलीस?"

"आण्णा, मला माफी नको. घर पायजे."

"अगं, साहेब एक गोठा बघून थांबल का? तुझ्या एकटीपायी साऱ्या गावच्या गोठ्यात मानसं सापडतील!"

"सापडू द्या," कडूबाई म्हणाली. "मी एकलीच किती दिस सापडायचं?"

अपिलाची तारीख पडली त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसटी नव्हती. ती चालत गेली. तालुक्याच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "नेमकं काय पाहिजे?"

"घराला माझं नाव लावा."

"बाई, सध्या नाव लावायचं, बदलायचं असलं काही माझ्यापुढं आणू नका. नाव म्हटलं की मला बंदोबस्त मागवावा लागतो."

"मागवा. पोलीस आले तरी त्यास्नी दिसंल, की मी म्हैस न्हाई."

साहेबांनी पाहणीचा दिवस लिहून दिला.

त्या दिवशी सकाळी बन्सीधरनं लिंबाजीची म्हैस मागून आणली आणि कडूबाई पाण्याला गेलेली बघून तिच्या घरात आणून बांधली. म्हैस बिचारी गरीब होती. जन्मात कधी घरात गेलेली नव्हती, त्यामुळं पाहुण्यासारखी कोपऱ्यात अवघडून उभी राहिली. कडूबाईनं परत येऊन म्हैस बघितली, तिला पाणी दाखवलं आणि चूल पेटवली.

साहेब आले ते भर दुपारी. आधी सरपंचांच्या बैठकीत टेकले. पंख्याकडं बघत म्हणाले, "यादीत हा गोठा दिसतो."

"म्हशीस्नी लय उकडतंय, साहेब," दिनकरराव म्हणाले.

सरपंचांनी जेवायला थांबा म्हटलं, पण गोठ्यात जेवणं साहेबांना प्रशस्त वाटेना. तसेच उपाशी कडूबाईकडं आले. मागं माणिकराव, दिनकरराव, बन्सीधर आणि आपापल्या गोठ्यांची काळजी लागलेलं निम्मं गाव. आत लसणाच्या फोडणीचा वास सुटला होता.

"पाहणी हुईल की," कडूबाई म्हणाली. "आधी दोन घास खा. उन्हाचं आलाव."

साहेब नको नको म्हणत बसले. पिठलं, ज्वारीची भाकरी, वरून ठेचा. म्हैस शेजारी उभी राहून त्यांचं जेवण बघत होती. साहेबांनी एक भाकरी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरीला नको म्हणाले आणि अर्धी घेतली. मग हात धुऊन त्यांनी कागद काढला.

"हं. बन्सीधर, तुमचं म्हणणं?"

बन्सीधरनं सगळं पाठ करून आणलं होतं. "साहेब, ही म्हैस हाय. हे दावं हाय. इथं मानूस राहत न्हाई. कडूबाई भावाकडं ऱ्हाती, दिसा नुसती येऊन बसती."

"आणि ही चूल?"

इथवर पाठ केलेलं नव्हतं. बन्सीधरनं चुलीकडं पाहिलं, म्हशीकडं पाहिलं आणि छाती काढून सांगितलं, "चूल आंबोन शिजवायला हाय, साहेब. ह्या चुलीवर जे शिजतंय ते निव्वळ जनावराचं खानं."

साहेबांच्या मिशीला थोडं पिठलं होतं. त्यांनी ते बोटानं पुसलं आणि बराच वेळ त्या बोटाकडं पाहिलं.

"माणिकराव," ते म्हणाले, "मी आता काय खाल्लं?"

"पिठलं, साहेब."

"नक्की?"

"वासावरून तरी पिठलंच, साहेब."

"बन्सीधर, तुमचं काय म्हणणं? मी काय खाल्लं?"

बन्सीधर दिनकररावांकडं बघू लागला. दिनकरराव आढ्याकडं बघू लागले. कडूबाईनं उरलेली अर्धी भाकरी उचलून बन्सीधरपुढं धरली. "सांगा की धनी. सोळा वर्सं तुमी बी ह्याच चुलीवरचं खाल्लंय. दावं कुटं हाय तुमचं?"

गाव हसलं. आपल्या गोठ्यांची काळजी विसरून हसलं.

"लिहा," साहेब जरा मोठ्यानंच म्हणाले. "निवासी घर. स्वयंपाक होतो. उत्तम होतो. कर लावा." आणि म्हैस सोडवून तिथून निघाले. दुसऱ्या कुठल्याही गोठ्यात ते शिरले नाहीत. तिथं आणखी काय काय खायला मिळेल याचा त्यांना भरवसा राहिला नव्हता.

म्हणजे सुरुवातीला सांगितलं तसंच झालं. घरपट्टी बसली. पंधरवड्यानं कडूबाईनं पैसे भरले आणि पावती शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतली. तिच्यावर लिहिलं होतं: नवीन घर, आकारणी चालू वर्षापासून.

बन्सीधरनं ते ऐकलं आणि पारावर सांगत सुटला, "बघा, सरकारच म्हनतंय, बाई औंदाच आली. औंदाच आलीय तर औंदाच जाईल."

कडूबाई दुसऱ्या दिवशी परभणीला गेली. कचेरीपुढच्या अर्ज लिहिणाऱ्याला तिनं पुढं बसवलं आणि उभ्यानं मजकूर सांगितला. त्यानं दोनदा विचारलं, बाई, असंच लिहू का? ती म्हणाली, असंच. मग त्यानं तो सरकारी भाषेत बसवला:

"अर्जदार विनंती करते की, सदरचे घर नवीन नाही. सदर घर अर्जदार हिने लग्न होऊन आल्यापासून सारवले, लिंपले व राखले आहे. सबब अर्जदार सदर घरात आली त्या दिवसापासूनची संपूर्ण घरपट्टी अर्जदाराच्या नावे, दंडासह, वसूल करण्यात यावी. त्या काळात श्री. बन्सीधर यांनी भरलेली रक्कम त्यांस परत देण्यात यावी, आणि सदर इसम हे त्या मुदतीत अर्जदाराच्या घरी पाहुणे म्हणून राहत होते, अशी नोंद यादीत घेऊन तिची नक्कल अर्जदारास विनाविलंब मिळावी, ही विनंती."