न फुटलेली काच

नदीवरच्या जुन्या पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी त्या शुक्रवारी पाय ठेवायला जागा नव्हती. शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद, त्यामुळे आमचं अर्धं नारपोली कोरड्या पात्रात उतरलं होतं. टोप्या होत्या, पदर होते, कडेवर पोरं होती. सगळ्यांचे डोळे खांबावर छातीएवढ्या उंचीला चिकटवलेल्या काचेच्या तीन पट्ट्यांवर लागले होते. पट्ट्या फुटलेल्या नव्हत्या. चमत्कार म्हणतात तो एवढाच.

"आज एकविसावा दिवस," सेतूबाबा गरजला. "साहेबाच्या काचा आठ दिवसांत तडकत होत्या. माझ्या का तडकत नाहीत? खांबाचं दुखणं मी अंगावर घेतलंय. बघा माझी कंबर, सरळ होत नाही."

कंबर खरंच सरळ होत नव्हती. पण बाबा गावात पहिल्यांदा रिक्षातून उतरला त्या दिवशीही ती तशीच होती.

ही गोष्ट १९९१ सालची. पूल दुरुस्तीसाठी बंद होऊन चौथा महिना लागला होता. खांबाला चिरा गेल्या होत्या. सरकारी इंजिनियरने चिरांवर आडव्या काचेच्या पट्ट्या सिमेंटने बसवल्या होत्या. चीर वाढली की काच तडकते आणि खांब अजून हलतोय हे कळतं. काच म्हणजे थर्मामीटर. मी शाळेत विज्ञान शिकवतो, मुलांना हे फळ्यावर काढून दाखवलंही होतं.

पण लोकांनी थर्मामीटरलाच औषध ठरवलं. काच टिकली की पूल बरा झाला, असा हिशेब. त्यांची घाई मला कळत होती. सुताच्या गाड्या लांबचा फेरा घेऊन यायच्या, माणसं शिफ्टला उशिरा पोचायची. सगळ्यात जास्त घाई होती ती राहनाळला गोदामं असलेल्या केसरीनाथशेठला. बाबाला आणलं त्यानेच. बाबाने साहेबाच्या फुटक्या काचा पात्रातल्या डबक्यात सोडल्या आणि करड्या लेपाने आपल्या मंतरलेल्या काचा बसवल्या. रोज सकाळी पूजेत तो लेप पुन्हा लावायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हात सडेल, अशी ताकीद होती. इंजिनियर तेव्हा रजेवर होता.

पट्ट्यांच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती.

"मुंगीलासुद्धा कळतं," बाबा म्हणाला. "दर्शनाला आल्यात. शिकलेल्यांना कळत नाही."

मी मोठ्याने हसलो. लोकांनी वळून पाहिलं. मुंग्या तिथे का आल्या, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

पूल बरा झाला हे दाखवायला दुपारी शेठचा सुताच्या गाठींनी भरलेला ट्रक पुलावरून जाणार होता. गाठींवर चिंतू बसणार होता. डोंगराकडच्या पाड्यावरचा हा पोरगेला हमाल आणि त्याची बायको सरू ही दोघं शाळेमागेच झोपडं टाकून राहायची. मी त्याला बाजूला घेतलं.

"चिंतू, ट्रकवर बसू नकोस."

"काच तं साबूत हाय, मास्तर."

"काचेने पूल धरलेला नाही रे."

"मंग कशानं धरलाय?"

मी सांगत बसलो. वजन, तुळई, चीर. तो मान डोलवत राहिला, मग म्हणाला, "शेठ बोलला, आज बसलास तं कायमचा कामाव घेतो. आन बाबाचा हात हाय डोक्याव."

सरू त्याच्या मागे उभी होती. तिच्या गळ्यात बाबाचा दोरा होता. मला संताप आला. मरा तिकडे, असं मनात म्हणून मी घरी गेलो.

तीनच्या सुमारास शेठच्या माणसांनी पुलाच्या तोंडावरचा अडसर बाजूला केला. ट्रक तिसऱ्या खांबावर आला आणि खांब कलला, वरचा स्लॅब खाली बसला. ट्रक कठड्याला अडकला म्हणून ड्रायव्हर वाचला. चिंतू गाठींसकट खडकावर पडला. गाठ उचलेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी धावत पोचलो. खांबाची चीर आता हात जाईल एवढी फाकली होती. आणि मधली काच अजून अखंड, एका टोकाने लोंबत होती.

"बघा, बाबाची काच नाही फुटली," गर्दीत कुणीतरी म्हणालं. आणि माना डोलल्या. चिंतू तिथे समोर चादरीखाली होता.

तय्यबाखाला पुढे झाली. सत्तरीची बाई, हातमागाच्या काळात तिच्या घरी सुताला खळ लावायचं काम चालायचं. तिने ती काच दोन बोटांनी ओढली. काच सुटून हातात आली. तिने लेप चोळला, हुंगला.

"मास्तर, ही खळ हाय. मैद्याची. रंगाला राख घातलीय. उमर गेली माझी ह्यात. शिमिटाला मुंग्या येतात काय?"

बास, एवढंच होतं. सिमेंट काचेला चिरेच्या दोन्ही बाजूंना घट्ट धरतं, म्हणून चीर हलली की काच तुटते. ओली खळ धरत नाही. चीर वाढते, काच नुसती सरकते. बाबा रोज खळ ओली ठेवत होता. खांब एकवीस दिवस फाटत होता आणि आपण थर्मामीटरला फडकं गुंडाळून ताप उतरला म्हणत होतो.

बाबा तोवर पसार झाला होता. केसरीनाथशेठ म्हणाला, कुणीतरी शंका घेतली, हसलं, म्हणून उलटलं. काहींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. खळीची काच समोर असतानाही.

सरू रडत नव्हती. ती माझ्याजवळ आली.

"मास्तर, तू हसलास तवा वाटलं, तुला काय तरी म्हाईत हाय. मंग हात लावून का न्हाय बघितलंस?"

म्हणून तुम्हाला सांगतो. चमत्कार दिसला की हसून घरी जाऊ नका. जवळ जा, हात लावा, वास घ्या, भर गर्दीत विचारा की हे कसं होतं. मी विचारलं असतं तर फार तर चार थपडा खाल्ल्या असत्या.