नऊ नंबरचा ट्रे

काडी सरळ उभी होती. कुल्फीची, चपटी, टोकाला पिस्त्याचा हिरवट डाग अजून राहिलेली. वर बॉलपेननं लिहिलेलं 'ट्रे नं. ९, ५ डिसेंबर'. दंवानं अक्षरं फुटलेली, पण वाचता येत होती. आपण ती कुंडीत खोचली तेव्हा जरा तिरपी खोचली होती, असं प्रणोतीला वाटून गेलं... वाटलं आणि गेलं. आज चार जानेवारी. तीस दिवस पुरे. पाच वाजेपर्यंत कुंडी उकरायची, आत काय उरलंय त्याचा फोटो काढायचा आणि इन्क्युबेशन सेंटरला पाठवायचा — एवढंच तर काम, पण प्रणोतीबाई सकाळपासून तीनदा गच्चीवर येऊन गेल्या होत्या: एकदा कपडे वाळत घालायला, एकदा घातलेले उलटवायला, आणि आता तर निमित्तसुद्धा उरलं नव्हतं.

"काय करून राहिली तिथं मघापासून?" आई चटईवरून म्हणाली. "ये, मटार सोलू लाग."

जानेवारीत जबलपुरात या कामाला नाही म्हणायची कुणाची छाती नाही. प्रणोती बसली. शेंगेच्या पोटावर अंगठा, चर्र, दाणे पातेल्यात, टरफल बाजूला; आणि बघता बघता दाण्यांपेक्षा टरफलांचाच ढीग मोठा — दोन वर्षांपूर्वी याच चटईवर, असाच ढीग बघून तिच्या डोक्यात ते खूळ शिरलं होतं. वर्गातला अक्षत पनागरचा, घरची मटारची शेती. त्याला सांगितलं तर तो दुसऱ्याच दिवशी पोतंभर टरफलं स्कूटरवर घालून कॉलेजात हजर! उकडा, वाटा, भाताचा पेंढा मिसळा, तांदळाच्या खळीनं बांधा, साच्यात दाबा, वाळवा, की झाला ट्रे. फळं-भाज्या ठेवायला, थर्मोकोलच्या जागी. काम झालं की मातीत टाका, माती होईल. सगळं कसं छान होतं, फक्त ओल लागली की ट्रे मान टाकत होता. एक नंबरचाही आणि आठ नंबरचाही.

आणि मग नऊ. अक्षत टरफलं आणायला पनागरला गेला होता, नव्या धंद्यांना जागा आणि पैसा देणाऱ्या त्या इन्क्युबेशन सेंटरपुढचं सादरीकरण दोन दिवसांवर आलं होतं, आणि तिनं बाबांच्या कपाटातून लाकूड चिकटवायचा डिंक — तो पाण्यात न सुटणारा — घेतला. चारच चमचे. स्वतःला काय सांगितलं होतं बरं तेव्हा? की फक्त बघूया... फक्त या वेळेपुरतं. स्टेजवर तिनं ट्रेमध्ये ग्लासभर पाणी ओतलं, ट्रे हूं की चूं न करता उभा राहिला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांच्या भरात तिच्याच तोंडून निघालं, की हा तीस दिवसांत माती होतो. कुणी विचारलं होतं का? कुणीही नाही! मग परीक्षकबाई गोड हसून म्हणाल्या, एक पुरून ठेवा, तिसाव्या दिवशी फोटो पाठवा, सेंटरमध्ये जागा पक्की समजा. अक्षतनं त्याच आठवड्यात बियाण्यांच्या कंपनीतली नोकरी नाकारली. डिंकाचं त्याला अजून ठाऊक नव्हतं.

थंडी आहे ना, थंडीत कुजायला वेळ लागतो... पण शेजारच्याच कुंडीत, त्याच दिवशी, तिनं आठ नंबरचाही ट्रे पुरला होता, नुसत्या खळीचा. विसाव्या दिवशी बोट घालून पाहिलं तर तिथं काळी भुसभुशीत माती, आणि नवाच्या कुंडीत बोटाला ट्रेची कड अजून टणक लागली. थंडी काय फक्त नवाला वाजत होती? त्या दिवसापासून तो विचार तिच्या मनात ठाण मांडून बसला: दोन काड्या, दोन कुंड्या. अदलाबदल करायला किती वेळ लागतो? फोटो आठाचा, नाव नवाचं. कुणाला कळणार आहे? तेव्हापासून घास काही नीट उतरत नव्हता, आणि आईला वाटत होतं पोरगी डाएटवर आहे.

फोन वाजला. अक्षतचा मेसेज. "भेजा क्या फोटो? मम्मी ने तो पेड़े भी मँगा लिए।"

चार वाजून दहा मिनिटं. ती उठली, आठाच्या कुंडीपाशी गेली, तिथली काडी उपटली. मग नवाच्या काडीला हात लावला आणि तसाच राहिला.

काडी सरळ होती. अगदी ओळंबा लावल्यासारखी. भोवतालची माती थापून सारखी केलेली, कडेनं बोटभर जागा सोडून, चहूकडे सारखी. या घरात पाण्याच्या बाटल्यासुद्धा उंचीप्रमाणे मांडणारा माणूस एकच... आणि तो आत्ता झारी घेऊन जिना चढत होता. बाबा, म्हणजे शशिकांतराव, फॅक्टरीच्या तपासणी विभागात चौतीस वर्षं. लाकडी पेट्या तपासायचे — आपटून, भिजवून, उचलून — आणि खोट दिसली की तांबड्या पेन्सिलीनं फुली. ठेकेदार पाया पडला तरी फुली ती फुली. लहानपणी तिला त्या पेन्सिलीची शाळेतल्या बाईंपेक्षा जास्त भीती वाटायची.

"बाबा, तुम्ही हे उकरून पाहिलं."

बाबा कढीपत्त्याला पाणी घालत राहिले. "हो. दहा-बारा दिवस झाले."

"पण तुम्हाला कसं..."

"डिंकाची बाटली. निम्मी होती, तळाशी आली."

"मग बोलले काहून नाही?"

"मी काहून बोलू? माल तुझा. वाट पाहून राहिलो." झारी खाली ठेवून ते तिच्या हातातल्या काडीकडे बघत म्हणाले, "आज जरा भीती वाटली मला."

रागावले असते तर तिनं शंभर कारणं सांगितली असती. पण बाबांना भीती वाटली होती, तिच्यासाठी, आणि त्यांना दहा दिवस माहीत असूनही ते रोज तिला ताटावर हाक मारत होते. म्हणजे लपवायला काही उरलंच नव्हतं! छातीवरचा धोंडा एकदम सरकला, ती कुंडीच्या कडेला बसली आणि हातांनीच उकरायला लागली. रडू येत होतं की हसू, तिचं तिला कळत नव्हतं.

ट्रे निघाला. सगळाच्या सगळा. कानेकोपरे शाबूत.

"अगं बाई, चांगला धडधाकट आहे की!" आई मान उंचावून म्हणाली. "धुऊन ठेव हो, लसणाला होईल."

आधी बाबा हसले, मग प्रणोती, आणि ती इतकी हसली की आईला काळजी वाटली. बाबांनी खिशातून पेन्सिल काढली. तांबडी, तीच, बोटभर उरलेली.

"मारा," ती म्हणाली.

"मी रिटायर झालो," बाबा म्हणाले आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

तिनं ट्रेच्या पाठीवरची माती झटकली आणि फुली मारली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, दोन रेघा. फोटो काढला. पण पाठवायच्या आधी अक्षत. तो काय म्हणेल? ओरडेल. कदाचित कायमचं बोलणं सोडेल, आणि त्याचं चुकणार नाही. जागाही जाईल... आठ नंबर ओला झाला की अजून बसतो, त्याला कशानं उभं करायचं हे तिला आजही ठाऊक नव्हतं. यातलं काहीच सुटलं नव्हतं. तरी तिनं अक्षतचा नंबर लावला.

रिंग जात होती. तिनं पातेल्यातून मूठभर दाणे उचलले आणि तोंडात टाकले. गोड होते. पुन्हा मूठ भरली.

"आई, मटारचे पोहे कर ना," ती म्हणाली. "फार भूक लागली आहे."

"हाँ, बोल," पलीकडून अक्षत म्हणाला. "भेज दिया?"

तिनं घास गिळला आणि सांगायला सुरुवात केली.