वाढलं म्हणावं

फोनमधलं घड्याळ बंद पडलं तेव्हा माई म्हणाल्या, "वाढलं म्हणावं." त्या दिवसापासून आमच्या घरातली दुपार संपलेली नाही.

माई माझ्या सासूबाई. त्यांच्यापुढे बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानही बंद होत नाही, वाढवतात. अशुभ बोलायचं नाही. त्या न संपणाऱ्या दुपारी कुकर पुन्हा पुन्हा लावावा लागला, पण बोलाफुलाला गाठ पडली म्हणून मी ते सोडून दिलं.

मग हवामानाचं ॲप गेलं. पडद्यावर ओळ आली: या फोनवर हे ॲप आता चालणार नाही. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "हेही बंद पडलं." लगेच खिडकीबाहेरचं हवामान बंद पडलं. ऊन गेलं, सावली गेली, नारळाची झावळी हलता हलता थांबली ती अजून तशीच आहे. तेव्हापासून मी शब्द जपून वापरते.

नकाशा गेला तेव्हा मी घाईघाईने म्हणाले, "वाढला." नवा फोन घ्यायला निघाले तर जिनाच संपेना. उतरून उतरून दम लागला, तरी खालचा मजला आला नाही. शेवटी परत वर आले.

आता एकच ॲप उरलं होतं, हेरंबच्या कॉलचं. हेरंब माझा नवरा, मालवाहू जहाजावर असतो. त्याचा चेहरा दिसतो तो त्या ॲपवरच. कॉल लागला की माई आधी विचारतात, जेवलास का, आणि मग मला काय विचारायचं होतं ते मी विसरते.

त्याच दुपारी त्याचा कॉल आला. जहाज परत फिरलंय, म्हणाला. मी माईंसमोर रडले आणि मला लाज वाटली नाही. मग निरोप घेताना, आपल्यात जातो म्हणत नाहीत, म्हणून तो म्हणायला लागला, "ये..."

आणि थांबला. तोंड अर्धं उघडं. खाली तीच ओळ आली.

माईंनी माझं मनगट धरलं. "मृदुला, सांभाळून बोल गं."

बंद पडला म्हटलं असतं तर तो त्या झावळीसारखा झाला असता. गप्प राहावं तर पडदा विझत चालला होता. मी म्हणाले, "वाढला."

हेरंब वाढला. आधी फोनच्या कडा गेल्या, मग टेबल, मग भिंत. त्याचा गाल स्वयंपाकघरापर्यंत आला, तेव्हा आम्ही कपाट सरकवलं. गाल हाताला काचेसारखा थंड लागतो. माई त्याच्या कानाशी पाट मांडून बसतात आणि विचारतात, जेवलास का. मला तो हवा होता, पण एवढा नको होता.

आता घरात उभं राहण्यापुरती जागा आहे. त्याचं तोंड दाराएवढं झालंय. आत अंधार आहे आणि तो अर्धा शब्द तिथेच अडकलाय: ये. उरलेलं अक्षर आत कुठेतरी असणार.

माईंनी तिघांची ताटं वाढली. मी ओढणी कमरेला खोचली, त्याच्या खालच्या ओठावर पाय ठेवला आणि मागे न बघता माईंना म्हणाले, "येते."