रात्रीचा दर

मित्सुएताईंनी घरात ज्योत पेटवायची नाही, अशी त्यांच्या मुलाची अट होती. ती पाळली तरच त्यांना त्या घरात एकटीनं राहता येणार होतं.

नऊ वर्षांपूर्वी रॉकेलच्या शेगडीवर किटली ठेवून त्या मुळे उपटायला गेल्या आणि विसरल्या. चटया जळल्या, एक भिंत काळी पडली, तेवढ्यावर निभावलं. मुलगा योशिकी दूर सैतामाहून धावत आला. त्यानं शेगडी उचलून गाडीत टाकली, गॅस काढून विजेची चूल बसवली आणि बैठकीच्या खोलीत भिंतीला एक जाड लोखंडी कपाट लावून दिलं. त्या कपाटात नुसत्या विटा. रात्री अकरा ते सकाळी सात, वीज स्वस्त असते त्या वेळात विटा तापायच्या आणि दिवसभर खोलीला ऊब द्यायच्या. "आई, हे चाललं तर तू इथे. नाही चाललं तर माझ्याकडे," एवढंच तो म्हणाला. तो कमी बोलणारा आहे, पण बोलला की बोलला.

आमच्या तोनामीच्या मैदानी भागात घरं एकमेकांना लागून नाहीत. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये दोन भातखाचरं आहेत. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. लग्न होऊन इथे आले तेव्हा लोणच्याच्या पिंपात मीठ किती घालायचं इथपासून सगळं मला त्यांनी शिकवलं. पुढे त्यांची नजर अधू झाली, तसे त्यांचे कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. मला त्याचा थोडा अभिमान होता, हे लपवून उपयोग नाही.

ऑक्टोबर संपता संपता त्या एका सकाळी आल्या. सकाळचा पाठ होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, हे त्यांना ठाऊक. दाराशीच थांबून त्यांनी विचारलं, "फुसाए, झाला का पाठ?"

"झाला, ताई. या ना."

"काल एक पोरगा आला होता. नव्या वीज कंपनीचा. चांगला होता हो. आत येताना बूट नीट जोडून ठेवले त्यानं."

"बूट जोडले म्हणून वीज घेणार का त्याच्याकडून?"

"तेच विचारायला आले. माझं डोकं त्यात चालत नाही, आणि योशिकीला विचारलं तर म्हणेल, आईला आता एवढंही जमत नाही. तू बघ."

त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. एक आमच्या भागातल्या जुन्या कंपनीचं त्या महिन्याचं बिल, दुसरं त्या तरुणानं करून दिलेलं कोष्टक. त्यानं ताजं बिल मागितलं आणि ताईंनी ते दिलं, यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला, कॅलक्युलेटर घेतला. जुन्या कंपनीचा दिवसाचा दर चढा, रात्रीचा त्याच्या निम्म्याहून कमी, वर स्थिर आकार अठराशे येन. नव्या कंपनीचा स्थिर आकार शून्य, दर दिवसरात्र एकच, जुन्या दिवसाच्या दरापेक्षा बराच खाली. बिलात दिवसाचे युनिट एकशे दहा होते, रात्रीचे साठ.

"ताई, रात्री तुमच्याकडे काय चालू असतं?"

"रात्री? रात्री मी झोपलेली असते."

"मग हा फ्रिजच असणार."

"तो बिचारा झोपत नाही," त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो.

मी दोनदा गणित मांडलं. दोन्ही वेळा महिन्याला सतराशे ऐंशी येन वाचत होते. "घ्या," मी म्हटलं. "सरळ आहे."

कपाट मला आठवलं नाही. ते त्यांनाही आठवलं नाही. ते सुरू आणि बंद करणं हे योशिकीचं काम होतं. नोव्हेंबरच्या सुट्टीत तो यायचा, मागचं बटण दाबायचा. वसंतात वडिलांच्या कबरीवर फुलं वाहायला यायचा, तेव्हा बंद करायचा. ताईंच्या लेखी ऊब ही मुलानं येऊन ठेवायची वस्तू होती, विजेच्या बिलात यायची नव्हे. माझ्या घरी तर सगळं रॉकेलवर. हिवाळ्याचं घर मोजायचं होतं आणि आम्ही शरद ऋतूचा कागद समोर घेऊन बसलो होतो. आमच्यासारख्या बर्फातल्या बायकांनी ही चूक करावी, याचं मला आजही नवल वाटतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सही करून कागद दिला. योशिकी तीन नोव्हेंबरला आला, कपाट सुरू करून गेला. ताईंनी त्याला नव्या कंपनीचं सांगितलं नाही. वर्षाखेरीला आला की वाचलेल्या पैशांतून त्याला खेकडा खाऊ घालायचा आणि मग सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

एकवीस तारखेला देवळात आमच्या आद्य आचार्यांच्या पुण्यतिथीचा सप्ताह सुरू झाला. मी तेवीस वर्षं त्या सप्ताहात स्वयंपाकघर सांभाळते. पहाटे चारला जायचं, संध्याकाळच्या पाठानंतर परतायचं, मधल्या काळात घरचं काही डोक्यात आणायचं नाही, असा माझा नेम आहे. दुसऱ्या दिवशी मी अळकुड्या सोलत बसले होते. कोपरापर्यंत हात चिकट, चार मोठ्या पातेल्यांत अझुकीचे लाल दाणे रटरटत होते. ताई मागच्या दारानं आल्या. हातात एक जाड पाकीट.

"फुसाए, हे परवा आलं. बारीक अक्षर आहे, मला दिसत नाही. जरा बघतेस?"

"नव्या कंपनीचं ना? स्वागताचा कागद असतो तो. ताई, सप्ताह होऊ दे. एकोणतीसला घरी येऊन वाचते."

"घाई नाही गं. तू तुझं कर." त्यांनी पाकीट परत पिशवीत ठेवलं आणि बाह्या वर करून माझ्याबरोबर दोन टोपल्या अळकुड्या सोलल्या. मग मुख्य दालनात जाऊन हात जोडून बसल्या.

एकोणतीसला मी ते पाकीट उघडलं. पहिल्याच पानावर, लाल चौकटीत लिहिलं होतं की हे पत्र मिळाल्यापासून आठ दिवसांत काहीही कारण न देता करार रद्द करता येईल. खाली दुसरी सूचना होती. ग्राहकाची सध्याची योजना जुन्या कंपनीनं नव्या अर्जांसाठी बंद केली असल्यास, ती सोडल्यावर पुन्हा मिळणार नाही. कृपया खात्री करून घ्यावी. पत्र वीस तारखेला आलं होतं. सव्वीसला मीटर नव्या कंपनीकडे गेलासुद्धा.

मी ते त्यांना वाचून दाखवलं. खोली ऊबदार होती. कपाटाकडे माझी पाठ होती, आणि पाठीला ऊब लागत असतानाच मला सगळं कळलं.

"ताई, या विटा रात्री तापतात."

"हो. योशिकी तसंच म्हणाला होता."

त्यांना अजून उमगलं नव्हतं. मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग फोन करून विचारू. माणसंच आहेत तीही."

मी दोन्हीकडे फोन केले. नव्या कंपनीतली मुलगी फार नम्र होती, पण मुदत संपली होती. जुन्या कंपनीतले गृहस्थ तिच्याहून नम्र होते. ती योजना कित्येक वर्षांपूर्वी बंद झाली, जे आहेत तेवढेच त्यात राहतात, असं त्यांनी तीनदा क्षमा मागून सांगितलं. आता जी रात्रीची योजना मिळते, तीत रात्र आणि दिवस यांत फारसा फरकच उरलेला नव्हता. मी गणित केलं. नव्या कंपनीपेक्षाही ते महाग पडत होतं.

"असू दे, असू दे," ताई म्हणाल्या. "तू मुद्दाम थोडंच केलंस. पडेल थोडं जास्त."

वर्षाखेरीला योशिकीला कामामुळे यायला जमलं नाही. नवी कंपनी कागदी बिल पाठवत नव्हती. फोनवर यायचं म्हणे, आणि ताईंचा फोन बोलण्यापुरता. मी दर आठवड्याला विचारायची, "ताई, बिल कळलं का?" त्या म्हणायच्या, "आलं की सांगते." जानेवारीत बँकेत जाऊन त्यांनी पासबुक भरून आणलं, हे मला पुढे कळलं. मागल्या वर्षी त्याच महिन्याला चोवीस हजार गेले होते. या वेळी एकोणचाळीस हजार सहाशे. त्यांची पेन्शन महिन्याला पासष्ट हजार.

घरी येऊन त्यांनी कपाटाचं बटण शोधून काढलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला हात लावला.

फेब्रुवारीच्या सात तारखेला त्यांच्या यजमानांच्या तिथीसाठी मी गेले. दर महिन्याला आम्ही दोघी मिळून पाठ करतो. त्यांनी दार उघडलं तेव्हा अंगात ओव्हरकोट होता, डोक्याला लोकरी रुमाल.

"बाहेर निघाला होतात का?"

"आत्ताच आले," त्या म्हणाल्या. अंगणातल्या बर्फावर माझ्याखेरीज कुणाचं पाऊल नव्हतं.

आत बोलताना तोंडातून वाफ येत होती. मी देव्हाऱ्यापुढे बसले, मेणबत्तीच्या जागी योशिकीनं दिलेला विजेचा दिवा लावला. फुलदाणी सरळ करायला गेले तर ती हलली, पण फुलं हलली नाहीत. पाणी गोठलं होतं. शेवंतीच्या काड्या बर्फात उभ्या होत्या.

पाठ मी कसाबसा पुरा केला. मधे थांबायचं नाही, एवढंच सांभाळलं. मग विचारलं, "किती दिवस झाले?"

"पंधरा-वीस असतील. त्या रजईच्या टेबलाखाली विजेचा छोटा हीटर आहे, त्यात पाय घालून बसते. तेवढं पुरतं. आमच्या लहानपणी कुठे होतं काय?"

"तुमच्या लहानपणी तुम्ही त्र्याऐंशी वर्षांच्या नव्हतात."

"तोंड चालायला लागलं तुझं," त्या म्हणाल्या. ओठ निळे पडले होते.

"वरचे पैसे मी देते, ताई. दर महिन्याला. माझ्या हातून झालंय."

"नको. मग हात शेकायला बसले की प्रत्येक वेळी तुझ्या घराकडे वाकावं लागेल मला. या वयात कंबर एवढी वाकत नाही."

"मग रॉकेलची शेगडी आणते. नवी, आपोआप विझणारी."

त्यांनी मान हलवली. "मुलाला शब्द दिलाय. आणि मला माझाच भरवसा नाही आता."

माझ्या घरी चला म्हटलं, तर दोन दिवस येते म्हणाल्या. खरंच दोनच दिवस राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणातला बर्फ काढायला गेले होते, तेवढ्यात आपली रजई घडी घालून निघून गेल्या.

त्या संध्याकाळी मी योशिकीला फोन केला. ताईंनी करू नकोस म्हणून बजावलं होतं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, बिल कुठलं बघितलं, पाकीट कधी आलं, मी तेव्हा काय करत होते. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, तुम्ही कळवलंत ते बरं झालं. मी शनिवारी येतो." एवढंच. तो रागावला असता तर मला पेललं असतं.

शनिवारी तो आला, रविवारी सामान बांधून झालं. ताई भांडल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "वसंतापर्यंत थांबलास तर? मग विटा लागणार नाहीत." तो म्हणाला, "आणि पुढच्या हिवाळ्यात, आई?"

सोमवारी सकाळी वीज बंद करायचा फोन मी करावा, असं ताईच म्हणाल्या. "सुरू तू केलीस, आता बंदही तूच कर." त्या हे थट्टेत म्हणाल्या. पलीकडच्या मुलीनं कारण विचारलं. मी म्हटलं, ग्राहक मुलाकडे राहायला जात आहेत. तिनं अभिनंदन केलं, आणि नव्या पत्त्यावरचे दर तुलना करून पाठवू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. कुणी माणूस यायची गरज नव्हती. मीटर लांबूनच बंद होतं, दुपारी बारा वाजता.

योशिकी बाहेर गाडीवरचा बर्फ झाडत होता. आम्ही दोघी रिकाम्या बैठकीत जमिनीवर बसलो होतो. चटयांवर कपाटं होती तिथे फिकट चौकोन दिसत होते. बारा वाजून गेले असावेत, कारण फ्रिजचा आवाज थांबला. इतकी वर्षं तो होता हेही कधी लक्षात आलं नव्हतं.

अडीच महिने मी रोज सकाळी पाठ संपल्यावर जे वाक्य तयार करत होते, ते त्या शांततेत तोंडातून निघालं.

"ताई, त्या दिवशी मी हात धुऊन पाकीट उघडायला हवं होतं."

मला वाटलं, त्या नेहमीसारख्या असू दे म्हणतील.

"हो," त्या म्हणाल्या. "उघडायला हवं होतंस."

मग जमिनीवर हात टेकून त्या उठल्या. मी आधार द्यायला पुढे झाले, पण तोवर त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या होत्या.