नवरदेवाचे हात

कल्याण दिसायला राजबिंडा. सहा फूट उंची, पिळदार मिशा, नाकडोळे असे की आयाबायांनी कानशिलावर बोटं मोडावीत. पण लग्नाचं गाडं काही केल्या पुढं सरकत नव्हतं. बारा ठिकाणांहून नकार आला होता आणि कारण दर वेळी एकच, पोरगा शेती करतो. आता शेती करतो म्हणजे काय चोऱ्या करतो? पण पोरींच्या बापांना हे सांगणार कोण! एकतीस सरलं, बत्तिसावं लागलं. त्याची माय तुळजाबाई त्याच्या बरोबरीच्या पोरांच्या घरची बारशी जेवून यायची आणि पदरानं डोळे पुसायची.

अशात देवच पावला म्हणायचा. कल्याण जाफराबादला मारवाड्याच्या कापड दुकानात सदरा घ्यायला गेल्ता. दुकानदाराची सून रुचिभाभी लग्नसराईसाठी एसटी स्टँडसमोर मोठा बोर्ड लावणार होती आणि तिला शेरवानीतला नवरदेव हवा होता. बाहेरून मॉडेल आणायचा तर खर्चा भारी. तिनं कल्याणला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "कल्याणभाऊ, आमचे नवरदेव होता का?"

स्टँडसमोर बोर्ड म्हणजे तालुक्यातला प्रत्येक पोरीचा बाप मान वर करून आपल्याला बघणार! कल्याणच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"होतो की!" तो म्हणाला, आणि मंग लाजला.

शेरवानी चढवली, फेटा बांधला. एक हात छातीवरच्या मोत्यांच्या माळेवर ठेवायला लावून भाभीनं मोबाईलवर नमुन्याचा फोटो काढला. चेहरा झकास. मग तिनं फोटो मोठा करून हातावर आणला आणि तिचं तोंडच उतरलं. नखांच्या कडा काळ्या, बोटांवर ओरखडे, अंगठ्याला मोटरचं ग्रीस.

"असं वाटतंय, नवरदेवानं शेरवानी भाड्यानं आणली," ती म्हणाली. "लोक आधी चेहरा बघतात, लगेच हात बघतात. हात खराब दिसला की भारी कपडा पण हलका दिसतो. आठ दिवस देते. कामाला बिलकुल हात लावायचा नाही."

आणि बाई हात धुऊन मागेच लागली. रोज दुपारी कोमट पाण्याच्या टबात हात, मग लिंबू, मग घासणी, मग नखांवर कानस. साड्या बघायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि कल्याण छताकडं बघत बसायचा. गावात तर कहरच. ऐन कापूस वेचणीचे दिवस आणि हा गडी हातमोजे घालून बांधावर बसलेला! म्हशीची धार मायनं काढायची, मोटर शेजाऱ्यानं चालू करायची. "नवरीबाई, मेंदी वाळली का?" म्हणून दोस्त विचारायचे. पण खरं सांगायचं तर पाचव्या दिवसापासून गड्याला स्वतःच्याच बोटांचं कौतुक वाटायला लागलं होतं.

फोटो उद्यावर आला आणि तीर्थपुरीहून फोन खणखणला. धर्मराज नावाचे पाहुणे घर पाहायला येऊन राह्यले होते. पोरगी काही घर पाहायला येत नसते, पण यांची प्रियदर्शनी हट्टानं सोबत निघालेली. शेतकरी जावई चालेल म्हणणारा माणूस आजच्या काळात कुठं भेटतो? तुळजाबाईनं अंगणापासून देव्हाऱ्यापर्यंत घर लखलखीत केलं. कल्याणनं नवाकोरा सदरा घातला आणि पायात मोजेही चढवले.

धर्मराजांनी रामराम केला आणि कल्याणचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. उलटा केला, सुलटा केला, नखांवरून अंगठा फिरवला.

"काम काय करता म्हणले?"

"शेती, मामा. आठ एकर."

"स्वतः करता?"

"स्वतःच."

धर्मराजांनी हात खाली ठेवला. "चल गं पोरी, ऊठ. मागच्या साली असंच झालं. पोरगा म्हणे बारा एकर स्वतः कसतो. सुपारी फुटायच्या दिवशी कळलं, रान सगळं दुसऱ्याला बटईनं कसायला दिलंय आन् हा दिवसभर पत्ते कुटतो. त्याचे हातबी असेच मऊ होते."

तुळजाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आडवी आली. "अवो पाव्हणं, ते बोर्डासाठी..."

कल्याण पेचात पडला. माणूस नखं घासून घेतो हे सांगावं तर आगीतून फुफाट्यात, न सांगावं तर हेही ठिकाण गेलं. शेवटी त्यानं सगळं सांगून टाकलं, शेरवानीपासून लिंबापर्यंत. धर्मराज उभ्या उभ्या ऐकत होते. विश्वास काही त्यांच्या तोंडावर दिसेना.

"मोजे काढा," ते एकदम म्हणाले. "लग्नात तुमचे पाय मलाच धुवायचेत. बघू तर द्या."

कल्याणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोर्डावर पाय मोजडीत झाकले जाणार होते, म्हणून भाभीनं त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं. त्यानं मान खाली घालून मोजे ओढले. टाचांना बोट जाईल अशा भेगा आणि भेगांत काळी माती.

"वा रे पठ्ठ्या!" धर्मराज खदखदून हसले आणि पुन्हा खुर्चीत बसले. "हे बराबर शेतकऱ्याचे पाय. चहा आणा ताई, आपल्याला पोरगा पसंत!"

"तुम्हाला पसंत असंल, बाबा," प्रियदर्शनी पहिल्यांदाच बोलली. "माझं न्हाई झालं अजून."

 

तिनं आपले दोन्ही हात पुढं केले. "हे बघा. काल सांजपर्यंत कापूस येचत होते. दिसतो का कुठं मळ?" बोटांवर बोंडांचे ओरखडे होते, पण नखं कापलेली, स्वच्छ, एकसारखी. "सांजच्याला दहा मिनिटं लागतात. ह्यांचे हात बघितले आन् मला वाटलं, चला, एक तरी माणूस हातापायाला जपतो. मंग मोजे निघाले."

"अगं, कष्टाचे पाय हायेत ते!" धर्मराज म्हणाले.

"भेगा म्हणजे कष्ट न्हाईत बाबा, भेगा म्हणजे आळस. शेतकऱ्यानं मळकंच ऱ्हावं आसं कोण म्हणतं? आपणच म्हणतो, आन् मंग पोरी न्हाई म्हणतात तर रडतो." ती कल्याणकडं वळली. "हात मला पसंत हायेत. बोर्ड झाल्यावरबी आसेच ठेवाल का? आन् टाचाबी?"

"ठेवतो," कल्याण म्हणाला. मिशीखाली हसू मावेना. "आईशप्पथ ठेवतो."

"मंग माझा होकार."

तुळजाबाई साखर आणायला आत पळाली ती रडत-हसतच. धर्मराजांनी घसा खाकरला, आजूबाजूला बघितलं आणि आपले दोन्ही पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.