हैबतीनंतर

हैबती पाच राखणदारांना कुऱ्हाडीनं तोडायचा, तेव्हा लोक मोठ्यानं मोजायचे. पहिला घाव पडला की ढोलकीवर थाप आणि मैदानभरच्या तोंडांतून "एक". मग "दोन". पाचवा राखणदार गुडघ्यावर येऊन हात जोडायचा. हैबती थांबायचा, मान वाकडी करून लोकांकडे बघायचा, आणि लोकच सांगायचे, "तोड." अंगरख्याखाली बांधलेली लाल रंगानं भरलेली पिशवी फुटायची, पटका भिजायचा, आणि शिट्ट्यांनी कानठळ्या बसायच्या.

मुक्ताबाईंच्या फडानं हा वग चार हंगाम चालवला. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जत्रा कुठलीही असो, मागणी हैबतीचीच. हैबती व्हायचा मुक्ताबाईंचा धाकटा भाऊ सयाजी. उंच, रुंद छातीचा आणि आवाज असा की मैदानाच्या टोकाला भज्यांच्या गाड्यावर उभा असलेला माणूसही वळून बघायचा. वगाच्या शेवटी गोरा साहेब हैबतीला फासावर द्यायचा, तेव्हा बाया पदर तोंडात कोंबून रडायच्या. रस्त्यानं चालताना लोक सयाजीला सयाजी म्हणत नसत. त्यालाही ते आवडायचं.

वग लिहिला होता केरबानं. फडात तो हलगी वाजवायचा आणि उरलेल्या वेळेत लिहायचा.

चौथ्या हंगामात जतकडच्या एका गावात प्रयोग संपल्यावर एक बाई राहुटीत शिरली. राहीबाई तिचं नाव. तिचा नवरा गुळाच्या वखारीवर राखणीला होता. दोन वर्षांपूर्वी दरोडेखोरांनी त्याला कुऱ्हाडीनं मारलं होतं. सयाजी तोंडाचा रंग पुसत होता. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. तिसऱ्या राखणदाराचं काम करणाऱ्या बिराप्पासमोर जाऊन तिनं विचारलं, "तुजं नाव काय रं बाबा?"

"बिराप्पा."

"तुजं न्हवं. त्या राखणदाराचं."

बिराप्पानं केरबाकडं बघितलं. केरबानं मान हलवली. राखणदारांना नावं नव्हती.

"माणसं मोजत हुती," राहीबाई म्हणाली. "तीन म्हणाली तवा माझ्या पोटात कुणी हात घातल्यागत झालं." एवढं बोलून ती निघून गेली.

त्या पावसाळ्यात केरबानं दुसरा भाग लिहिला. त्यात हैबती नव्हता. तिसऱ्या राखणदाराची विधवा चंद्रा, तिचा दीर, आणि हैबतीच्या टोळीतले पळून लपलेले गडी, एवढीच माणसं. चंद्रा एकेकाला शोधून काढते आणि विळ्यानं गळा चिरते. शेवटचा सापडतो तेव्हा तो भेदरलेला, अर्धपोटी माणूस असतो. तरी ती त्याला सोडत नाही.

मुक्ताबाईंनी ऐकून घेतलं आणि पान लावता लावता म्हणाल्या, "पब्लिकला हैबती पायजे."

"हैबती मेला, बाई. आपणच फासावर दिला."

"मग त्याचा ल्योक आणा. सयाजीच करंल."

"मिशी तेवढी बदलायची आन त्योच वग परत करायचा. मग मी कशाला पायजे?"

मुक्ताबाई एरवी बधल्या नसत्या. पण त्या साली दुसऱ्या दोन फडांनी हैबतीचा वग जसाच्या तसा उचलला होता. गावोगाव हैबती झाले होते, कुणी बुटका, कुणी तोतरा. नवं काहीतरी हवंच होतं. त्यांनी होकार दिला. फक्त बोर्ड रंगवणाऱ्याला परस्पर निरोप गेला, आणि बोर्डावर वीतभर अक्षरांत आलं, "हैबती, भाग दुसरा."

चंद्राचं काम अंजनाला मिळालं. आतापर्यंत ती गवळणीत मागं उभी राहायची. दीर झाला बिराप्पा. सयाजीला टोळीतल्या एका गड्याचं काम होतं. तालमीत त्यानं ते एकदा वाचून घेतलं.

"मी बाईच्या विळ्यानं मरायचा?"

"सगळेच मरत्यात, आण्णा," अंजना म्हणाली.

"मी न्हाई मरत. मला मारायला गोरा सायेब यायला लागतो." तो उठून गेला. पुन्हा तालमीला आला नाही. काम दुसऱ्याला दिलं गेलं आणि सयाजी फडाबरोबर नुसता फिरू लागला, ट्रकमध्ये बसून, कुणाशी न बोलता.

पहिला प्रयोग कोरेगावच्या अलीकडच्या एका गावात, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी, हजेरीच्या म्हणजे दिवसाच्या खेळाला होता. उन्हात मैदान माणसांनी भरलं होतं. झाडांवर, देवळाच्या ओवरीवर, बैलगाड्यांच्या साट्यांवर माणसं. गण झाला, गवळण झाली, वग सुरू झाला. नवऱ्याच्या प्रेताशेजारी बसलेली चंद्रा विळा मांडीवर घेऊन पहिलं बोलणं बोलली.

"हैबती कुठाय?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

अंजना बोलत राहिली. मागून दुसरा म्हणाला, "बोर्डावर हाय की." लोक हसले. तिनं हैबतीला शिवी दिली, वगात तशीच होती, आणि हसणं थांबलं. पहिली चप्पल ढोलकीवर पडली. मग दगड यायला लागले. एक बिराप्पाच्या कानावर बसला, रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. त्यानं कान दाबून धरला आणि आपलं वाक्य पुरं केलं. मुक्ताबाई पडद्यामागून हात जोडत पुढं आल्या, त्यांच्या खांद्यावर ढेकूळ फुटलं. अंजना हलली नाही. खाली बघून, एकेक शब्द तोडून ती बोलत होती, आणि तिचा आवाज कुणालाही ऐकू जात नव्हता.

तेव्हा सयाजी आला.

लाल पटका, काळी घोंगडी, हातात कुऱ्हाड. मैदान एकदम उभं राहिलं. त्या ओरडण्यानं देवळावरची पाखरं उडाली. सयाजीनं डोळे मिटून ते सगळं अंगावर घेतलं आणि पहिल्या वगातलं पहिलं वाक्य टाकलं. लोकांनी ते त्याच्याबरोबर म्हटलं. मग तो बिराप्पाकडं वळला.

"कोण रं तू? राखणदार?"

बिराप्पा मागं सरला. रोजची कुऱ्हाड लाकडाची, वर बेगड लावलेली असायची. ही राहुटीच्या मेखा ठोकायची, सरपण फोडायची. पात्यावर ऊन चमकत होतं.

"आण्णा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "खरी हाय ती."

सयाजीनं ऐकलं की नाही, ते त्यालाही पुढं कधी सांगता आलं नाही. ढोलकीवाल्याचा हात सवयीनं पडला. कुऱ्हाड खाली आली. बिराप्पानं डावा हात आडवा घातला, मनगटाच्या वर घाव बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज रंगमंचाच्या फळ्यांवर उभ्या असलेल्यांना ऐकू आला.

"एक," मैदान म्हणालं.

बिराप्पा गुडघ्यावर आला. रक्त पिशवीतून येतं तसं पसरलं नाही, ते ठोक्याठोक्यानं उडत होतं. त्यानं उरलेला हात वर केला. सयाजीनं मान वाकडी करून लोकांकडं बघितलं.

"तोड," लोक म्हणाले.

कुऱ्हाड वर गेली. अंजनानं मागून येऊन विळा सयाजीच्या उजव्या मनगटात अडकवला आणि सगळ्या अंगाच्या जोरानं ओढला. विळा बोथट होता, म्हणून हात तुटला नाही, पण कातडं सोलून आतल्या शिरा तुटल्या. कुऱ्हाड फळीत रुतली. सयाजी आपल्या हाताकडं बघत राहिला, मग समोरच्या बिराप्पाकडं.

मैदान गप्प झालं. मग कुणीतरी म्हणालं, "हैबतीला मारला बाईनं," आणि माणसं फळ्यांवर चढली.

केरबाला त्यांनी हलगीनंच मारलं, त्याचे पुढचे दात पडले. राहुटीचे दोर तुटले, कुणीतरी काडी लावली, कनात भडकली. अंजनाचे केस धरून तिघांनी तिला फळ्यांच्या कडेपर्यंत ओढत नेलं. एकानं तिच्या बरगडीत लाथ घातली, दुसऱ्यानं विळा उचलला. सयाजी त्याच्यावर डोक्यानं धडकला. डावा हात आणि डोकं एवढंच त्याच्याकडं होतं. विळ्यावाला खाली पडला, त्याचं नाक सयाजीनं कपाळानं फोडलं. मग तो अंजनावर पालथा पडला.

"सोडा," तो म्हणत होता. "मी हैबती सांगतोय, सोडा तिला."

त्यांनी सोडलं नाही. हैबतीला आजवर या पंचक्रोशीत कुणी हात लावला नव्हता. काठ्या त्याच्या पाठीवर पडत राहिल्या. जत्रेच्या बंदोबस्ताचे पोलीस लाठ्या चालवत आले तेव्हा त्याच्या चार बरगड्या मोडल्या होत्या, आणि खाली अंजना शुद्धीवर होती.

साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात सयाजी आणि बिराप्पा शेजारशेजारच्या खाटांवर होते. बिराप्पाचा हात वाचला, पण दोन बोटं कायमची वाळली. पोलिसांनी जबाब घेतला, तेव्हा बिराप्पानं "कुराड निसटली" एवढंच लिहून दिलं.

फौजदार गेल्यावर सयाजी छताकडं बघत म्हणाला, "मी तुला वळखलंच न्हाई त्या टायमाला. लोक मोजत हुते."

"मीबी मोजत हुतो, आण्णा. मनातल्या मनात."

सयाजीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याची पाठ हलत होती.

पुढच्या हंगामात फड अर्धा झाला. ढोलकीवाला दुसरीकडं गेला. मुक्ताबाईंनी नवा बोर्ड करून घेतला, त्यावर हैबतीचं नाव नव्हतं, फक्त "विळा" एवढं होतं. त्यांनी सांगलीकडची छोटी छोटी गावं धरली. सयाजीचा उजवा हात मूठ वळण्यापुरताही उरला नव्हता. एका सकाळी त्यानं केरबाला विचारलं, "तो शेवटचा गडी. उपाशी. त्याचं काम कोण करतंय?"

"सध्या मीच. दात न्हाईत, त्यामुळं शोभतोय."

"मी करतो."

तेव्हापासून सयाजी फळ्यांवर रांगत यायचा, लुळा हात पोटाशी धरून, आणि अंजना त्याचे केस धरून मान मागं ओढायची. तो गयावया करायचा. कुणी मोजायचं नाही. शिट्टी नाही. कुठल्या तरी कोपऱ्यात खोकला ऐकू यायचा, एवढी शांतता. गर्दी पहिल्या वगाच्या निम्मीही नसायची. प्रयोग सुटल्यावर माणसं भांडत घरी जायची. "पहिल्याची सर न्हाई," एक म्हणायचा. "पहिल्यात व्हतंच काय, नुसती कापाकापी," दुसरा. "मग ह्यात काय भजन हाय?"

माघात म्हसवडकडच्या एका गावचे पंच खेळाची सुपारी घेऊन आले. मुक्ताबाई राहुटीबाहेर चहा गाळत होत्या.

"हैबतीचा वग पायजे," त्यांतला म्हातारा म्हणाला.

"त्यो बंद झाला. ह्यो हाय."

"सयाजीराव तर हितं बसल्यात की."

सयाजी बाजेवर बसून डाव्या हातानं दाढी करत होता. "म्या सोडलाय त्यो," तो म्हणाला. "मला जमत न्हाई आता."

पंच लिंबाखाली जाऊन बोलत बसले. बराच वेळ गेला. त्यांच्यातला एक तरुण दोनदा मान हलवून काहीतरी सांगत होता. शेवटी म्हातारा परत आला.

"हा तर हा द्या," तो म्हणाला. "पर बाई तीच पायजे, हैबतीला कापलेली. विळ्यावाली."

अंजना दोरीवर लुगडं वाळत घालत होती. तिनं ऐकलं. तिचा हात जरा वेळ दोरीवर तसाच राहिला, मग तिनं लुगड्याचं दुसरं टोक झटकलं आणि नीट पसरलं. केरबानं सुपारी घेतली.